कोड उघडा आहे, पण परवाना कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न

सिंहस्थाचे वेध लागले की नाशिकमध्ये घाटांच्या डागडुजीबरोबर ॲपचीही लगबग सुरू होते. २०१५ च्या पर्वणीआधी शहरात 'कुंभथॉन' या नावाने शिबिरे भरली होती आणि गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा विषयांवर तरुणांनी प्रयोग केले होते. आता महाविद्यालयांतून पुन्हा तशीच कामे चालू आहेत. त्यामुळेच असेल, या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच निघाला: आपण लिहिलेला कोड सर्वांसाठी खुला करायचा असेल, तर त्याचा परवाना कसा जाहीर करावा? निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

आम्ही चौघांनी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला रामकुंड परिसरातील घाट, पाणपोया आणि स्वच्छतागृहे दाखवणारे एक ॲप तयार केले. दोन वर्षांपूर्वी सगळा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकला आणि तो कोणालाही पाहता येतो. आता दुसऱ्या महाविद्यालयातील मुलांना तो पुढे वाढवायचा आहे, पण त्यांच्या सरांनी 'यात लायसन्स नाही, हात लावू नका' असे सांगितले. कोड उघड्यावर ठेवला म्हणजे तो खुला झाला, असे आम्ही समजत होतो. आमचे काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

सर योग्य तेच सांगत आहेत, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तिचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कविता कागदावर उतरताच कवीचा तिच्यावर हक्क निर्माण होतो, त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही. तसाच आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर, ती ज्या रात्री लिहिली त्याच रात्री, आपला हक्क निर्माण झाला आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यापुढे ६० वर्षे टिकतो. नक्कल करणे, फेरफार करणे, लोकांना वाटणे हे सर्व त्या हक्कात येते. म्हणून ज्या कोडसोबत परवाना नाही तो कायद्याच्या दृष्टीने सर्व हक्क राखून ठेवलेला कोड असतो, मग तो जगाला दिसत असला तरीही. गिटहबच्या सेवाशर्तींनुसार सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींचा साठा, इतरांना पाहता येते आणि गिटहबच्या आत तिचा फोर्क, म्हणजे स्वतःच्या खात्यातील प्रत, काढता येतो. परंतु तो कोड उतरवून घेऊन, बदलून, स्वतःच्या ॲपमध्ये घालून लोकांना देण्याची मुभा त्या शर्तींतून मिळत नाही.

आपल्या कायद्याचे कलम ३० सांगते की कॉपीराइटचा मालक इतरांना परवाना देऊ शकतो, मात्र तो लेखी हवा. पूर्वी त्यावर सहीही लागत असे; २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट गेली, लेखीपणाची राहिली. रिपॉझिटरीत ठेवलेली परवान्याची फाइल म्हणजे हीच लेखी परवानगी होय. दुसऱ्या महाविद्यालयातील मुलांना भेटून 'घ्या रे, वापरा' असे तोंडी सांगण्यात सद्भावना असेल, पण त्यातून त्यांना काय करता येईल, पुढे कोणाला देता येईल आणि आपली नावे ठेवावी लागतील की नाही, यातले काहीच ठरत नाही.

आता दुरुस्तीविषयी. कोड चौघांचा आहे, तेव्हा परवानाही चौघांच्या संमतीनेच द्यावा. एक जण नोकरीसाठी बंगळूरला गेला असेल तर त्याच्याकडून ईमेलवर एक ओळ मागवावी आणि ती जपून ठेवावी. विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नसल्याने त्याचे काम आपोआप संस्थेच्या मालकीचे होत नाही. तरीही प्रवेशाच्या वेळी किंवा प्रकल्पाच्या वेळी आपण बौद्धिक संपदेच्या एखाद्या कागदावर सही केली होती का, हे एकदा पाहावे. त्यानंतर कोड नजरेखालून घालून आपले नसलेले भाग शोधावेत. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेला पन्नास ओळींचा तुकडा आपला नाही; तेथील अलीकडचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या आणि तसाच पुढे द्या' या परवान्याच्या ४.० आवृत्तीखाली असतो. असे भाग काढावेत, नव्याने लिहावेत किंवा त्यांच्या मूळ परवान्यासह वेगळे दाखवावेत. जे आपले नाही त्याचा परवाना आपल्याला देता येत नाही, ही साधी गोष्ट निम्म्या प्रकल्पांत विसरली जाते. एवढे झाल्यावर परवान्याची फाइल घालावी आणि रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत, एक वाक्य लिहावे की या रिपॉझिटरीतील आमचा पूर्वीचा कोडही याच परवान्याखाली आहे. नाहीतर 'फाइल आजची, कोड दोन वर्षांपूर्वीचा' ही शंका तेच सर पुन्हा काढतील, आणि ती रास्तच असेल.

माझ्या मुलाने द्राक्षबागेच्या फवारणीची नोंदवही म्हणून एक प्रोग्राम लिहिला आहे. छाटणीला किती दिवस झाले, कोणते औषध कधी मारले, काढणीआधी किती दिवस ते थांबवायचे, हे सगळे त्यात येते. शेतकऱ्यांना तो फुकट मिळावा अशी आमची इच्छा आहे, पण व्यापाऱ्यांनी आणि औषधवाल्यांनी तो उचलून स्वतःच्या नावाने विकू नये. 'केवळ शेतकऱ्यांसाठी, व्यापारी वापरास मनाई' असे लिहून तो ओपन सोर्स म्हणून ठेवला तर चालेल का?
— एक बागाईतदार, पिंपळगाव बसवंत

तसे लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र तसे लिहिल्यावर त्याला ओपन सोर्स म्हणता येणार नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्या दहा कलमांपैकी पाचवे सांगते की परवान्याने कोणत्याही व्यक्तीत वा गटात भेद करू नये, आणि सहावे सांगते की कोणत्याही कामासाठीच्या वापरावर बंदी घालू नये. व्यापार हेही एक कामच आहे.

व्याख्येचा आग्रह बाजूला ठेवला तरी व्यवहारातील अडचण उरतेच. आपल्या तालुक्यातील दोनशे बागाईतदारांनी मिळून काढलेली शेतकरी उत्पादक कंपनी ही शेतकरी की व्यापारी? जो शेतकरी हंगामात शेजाऱ्यांचा माल स्वतःच्या गाडीत भरून पाठवतो, त्याचे काय? आपल्या डोक्यात उत्तरे स्पष्ट असतील, पण प्रोग्राम वापरणाऱ्याला ती कळणार नाहीत, आणि ज्याला परवान्याची चाड आहे असा सज्जन माणूस बिचकून दूर राहील. ज्याला ती नाही तो तसाही वापरणारच. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जेसन नावाच्या माहिती-स्वरूपासाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी लिहिलेल्या कोडच्या परवान्यात 'हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नाही' अशा अर्थाचे एक वाक्य होते. हेतू निर्मळ, पण 'वाईट' कोणी ठरवायचे? त्या एका वाक्यामुळे डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या चमूने तो परवाना मुक्त मानला नाही आणि २०१६ मध्ये अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेनेही आपल्या प्रकल्पांना तसा कोड घेण्यास मनाई केली.

आपले पत्र पुन्हा वाचले तेव्हा वाटले की आपली खरी काळजी व्यापाऱ्याने वापरण्याची नाही. कोणीतरी हा प्रोग्राम कुलूपबंद करेल आणि वर स्वतःचे नाव लावेल, याची ती काळजी आहे. या दोन्हींवर उपाय आहेत. कुलूप लागू नये म्हणून जीपीएल हा परवाना आहे. त्याची तिसरी आवृत्ती जून २००७ मध्ये आली. तो विक्रीला मनाई करत नाही, पण जो कोणी मूळ किंवा बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला देईल त्याने त्याचा कोड त्याच परवान्याखाली द्यावा, अशी अट घालतो. म्हणजे औषधवाल्याने तो विकला तरी पहिला ग्राहक तोच कोड घेऊन गावभर फुकट वाटू शकतो, आणि मग विकण्यात फारसा राम उरत नाही. प्रोग्राम फोनवर न देता संकेतस्थळावरूनच चालवला, तर 'मी तो कोणाला दिलाच नाही' अशी पळवाट जीपीएलमध्ये राहते. ती बुजवण्यासाठी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्या १३ व्या कलमानुसार, प्रोग्राम बदलून जाळ्यावर चालवणाऱ्याने वापरकर्त्यांना त्या बदललेल्या प्रोग्रामचा कोड मिळण्याची सोय करावी लागते. नावाचे म्हणाल, तर मूळ लेखकाची कॉपीराइट-सूचना काढून टाकण्याची मुभा एमआयटीसारखा अगदी सैल परवानाही देत नाही. प्रोग्रामला आपण दिलेल्या नावाचे रक्षण मात्र ट्रेडमार्कने होते, ते काम परवान्यावर टाकू नये.

एकाच घरात दोन परवाने कसे नांदतात हे पाहायचे असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीकडे पाहावे. त्यांचा ईआरपीनेक्स्ट हा कारखान्यांचा व दुकानांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, तर ज्या पायावर तो उभा आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली. पाया कोणीही कशासाठीही वापरावा, पण त्यावर बांधलेली तयार इमारत कोणी बंद करू नये, असा त्याचा परिणाम होतो. आपली नोंदवही ही तयार वस्तू आहे. फोनवर देणार असाल तर जीपीएल, संकेतस्थळावर चालवणार असाल तर एजीपीएल, असे मी सुचवीन.

आमच्या छोट्या कंपनीने यंत्रांच्या देखभालीची वेळापत्रके काढणारी एक जावास्क्रिप्ट लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरता येणारा तयार कोड) खुली केली. रीडमीमध्ये 'परवाना: एमआयटी' असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही एका परदेशी ग्राहकाच्या विधी विभागाने 'परवाना संदिग्ध' असा शेरा मारून ती नाकारली. रिपॉझिटरीचा पत्ता सोबत जोडला आहे. आणखी काय लिहायला हवे?
— एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, अंबड

रिपॉझिटरी उघडून पाहिली. रीडमीच्या तळाशी एमआयटी आहे, हे खरे. पॅकेजच्या जेसन फाइलमध्ये मात्र परवान्याच्या रकान्यात 'आयएससी' या दुसऱ्याच परवान्याचे नाव आहे. ते आपण लिहिलेले नसावे. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साधनाने नवे पॅकेज तयार करताना दर प्रश्नाला नुसते एंटर दाबत गेले की तो रकाना सहसा असाच भरला जातो. त्याहून मोठी गंमत म्हणजे परवान्याच्या फाइलमध्ये जीपीएलचा पूर्ण मजकूर आहे. रिपॉझिटरी उघडताना यादीतून कोणीतरी तो निवडला असावा आणि नंतर विचार बदलला तरी फाइल तशीच राहिली. शिवाय तारखांची गणिते करणाऱ्या एका फाइलच्या माथ्यावर भलत्याच माणसाचे नाव आणि बीएसडी परवान्याची सूचना आहे. म्हणजे एका लायब्ररीबद्दल चार ठिकाणी चार विधाने. आणखी काही लिहायला नको. जे लिहिले आहे ते एकमेकांशी जुळायला हवे.

यांतील मुख्य कागद म्हणजे रिपॉझिटरीच्या मुळाशी, सर्वांत बाहेरच्या फोल्डरमध्ये, ठेवलेली परवान्याची फाइल. तीत निवडलेल्या परवान्याचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा असावा. एमआयटीच्या नमुन्यात वर्ष आणि हक्कधारकाचे नाव यांसाठी कंस ठेवलेले असतात, ते भरावेत. 'येथे पूर्ण नाव लिहा' हेच शब्द अभिमानाने मिरवणाऱ्या फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मजकुरात आपल्या पदरची वाक्ये घालू नयेत. 'वापरल्यास आम्हाला कळवावे' अशी विनंती रीडमीमध्ये शोभते, परवान्यात आली तर ती अट आहे की आर्जव हे वकिलाला विचारावे लागते, आणि मजकूर मूळ नमुन्यापासून दूर गेला की गिटहबलाही तो परवाना ओळखता येत नाही.

पॅकेजच्या फाइलीतील रकान्यात परवान्याचे ठरलेले लघुनाम लिहावे. ही लघुनामे एसपीडीएक्स या यादीतून येतात. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१० मध्ये सुरू झालेला हा उपक्रम २०२१ मध्ये आयएसओचे ५९६२ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात जीपीएल ३ साठी दोन वेगळी लघुनामे आहेत: एक 'फक्त तिसरी आवृत्ती' सांगणारे आणि दुसरे 'तिसरी किंवा तिच्यानंतरची कोणतीही'. नुसते 'जीपीएल' म्हटल्याने हा भेद कळत नाही. रोमन लिपीत एका अक्षराने फसवणारी आणखी एक जोडी आहे. एनपीएमच्या त्या रकान्यात मोठ्या अक्षरांत 'अनलायसन्स्ड' लिहिले तर अर्थ होतो की मी कोणालाही कसलाही परवाना देत नाही. आणि शेवटचा 'ड' गाळून 'अनलायसन्स' लिहिले तर तो सर्व हक्क सोडून देणारा एक स्वतंत्र परवाना आहे. घर बंद ठेवणे आणि घर दान करणे यांत एवढ्याशा अक्षराचे अंतर!

तिसरी जागा म्हणजे प्रत्येक स्रोत-फाइलीचा माथा. तेथे पूर्वी वीस-वीस ओळींच्या सूचना चिकटवत. आता 'एसपीडीएक्स लायसन्स आयडेंटिफायर' हे शब्द, अपूर्णविराम (:) आणि पुढे लघुनाम अशी एक ओळ टिप्पणी म्हणून पुरते. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यात २०१७ मधील ४.१४ आवृत्तीपासून अशा ओळी घालण्याचे काम सुरू झाले, कारण तोपर्यंत हजारो फाइलींवर परवान्याचा उल्लेखच नव्हता किंवा एकच गोष्ट नाना प्रकारे लिहिलेली होती. ही ओळ का हवी, असे विचाराल तर फाइली एकट्या प्रवास करतात म्हणून. कोणीतरी आपली एकच फाइल उचलून स्वतःच्या प्रकल्पात ठेवतो, मुळाशी असलेला परवाना मागेच राहतो आणि दोन वर्षांनी ती कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. तारखांच्या त्या फाइलीचे आपल्याकडे नेमके हेच होता होता राहिले. माथ्यावरची सूचना शाबूत होती म्हणून कळले तरी. ती सूचना तशीच ठेवून तिचा बीएसडी मजकूर वेगळ्या फाइलीत जोडावा आणि रीडमीमध्ये 'या एका फाइलीचा अपवाद वगळता' असे म्हणावे.

हे मी फार शहाणपणाने सांगत नाही. मीही एकदा सातपूरच्या एका कारखान्यासाठी पावत्यांचा प्रोग्राम देताना एमआयटी परवान्याचे सहा घटक वापरले आणि एकाचीही कॉपीराइट-सूचना सोबत दिली नव्हती. कारखान्याच्या ग्राहकाने घटकांची यादी मागितली तेव्हा दोन दिवस जुन्या झिप फाइली उकरत बसलो होतो. एमआयटीची महत्त्वाची अशी एकच अट आहे, सूचना सोबत ठेवण्याची, आणि नेमकी तीच मी मोडली होती.

परवान्याचा मजकूर इंग्रजीत असतो आणि आमच्या गटातील मुलांना तो समजत नाही. तो मराठीत भाषांतरित करून फाइलमध्ये ठेवावा का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

समजावून सांगण्यासाठी जरूर भाषांतर करावे. परवाना म्हणून मात्र मूळ इंग्रजी मजकूरच ठेवावा. जीपीएलच्या पहिल्याच परिच्छेदात म्हटले आहे की या दस्तऐवजाच्या हुबेहूब प्रती कोणीही काढाव्यात, पण त्यात बदल करू नये. जीपीएल काढणारी संस्था, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, भाषांतरांना अधिकृत मान्यता देत नाही. ती अनधिकृत असल्याचे स्पष्ट लिहून ती करण्यास हरकत घेत नाही. कारण उघड आहे. भाषांतरात एक क्रियापद इकडचे तिकडे झाले तर त्या भाषेतील सर्व प्रकल्पांचा परवाना एकदम बदलेल. युरोपीय संघाच्या सार्वजनिक परवान्याने वेगळा मार्ग धरला आणि त्याची १.२ ही आवृत्ती २३ भाषांत सारख्याच कायदेशीर वजनाने प्रसिद्ध केली. पण त्यामागे भाषांतराची मोठी सरकारी यंत्रणा होती.

आपण रीडमीमध्ये मराठीत पाच-सहा वाक्ये लिहावीत आणि शेवटी 'हा केवळ परिचय आहे. मूळ इंग्रजी मजकूर प्रमाण मानावा' असे म्हणावे. शब्दांचा प्रश्न येईल. 'परवाना' म्हटले की मुलांना वाहनाचा परवाना आठवतो, म्हणजे आपण सरकारकडे जाऊन मागायची वस्तू. येथे तर लेखकाने न मागता आधीच देऊन ठेवलेली मुभा आहे. शासकीय मराठीत 'अनुज्ञप्ती' हा शब्द आहे, पण तो वाचूनच मुले रीडमी बंद करतील. मी 'परवाना' वापरतो आणि पहिल्या वाक्यात 'म्हणजे लेखकाने सर्वांना दिलेली लेखी मुभा' अशी पुस्ती जोडतो.

लासलगावचे कांद्याचे भाव मराठीत दाखवणारे एक ॲप मी केले आहे. कोड एमआयटी परवान्याखाली आहे. त्यात एक देवनागरी फॉन्ट, नकाशा आणि सरकारी संकेतस्थळावरील भावांची माहितीही आहे. या सगळ्याला माझाच परवाना लागू होतो ना?
— एक तरुण, निफाड

होत नाही. आपला परवाना आपण लिहिलेल्या कोडपुरता आहे. बाकी प्रत्येक वस्तू स्वतःचा परवाना घेऊन आली आहे आणि तो तसाच पुढे गेला पाहिजे.

फॉन्टपासून सुरुवात करू. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त', 'बलू' यांसारखे देवनागरी फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. असा फॉन्ट ॲपमध्ये घालता येतो आणि ते ॲप विकताही येते. केवळ फॉन्टच सुटा विकता येत नाही, परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो, आणि मूळकर्त्याने एखादे नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही. फॉन्ट छपाईच्या दुकानातील पेनड्राइव्हवरून आला असेल तर मात्र तो आजच काढून टाकावा. असा फॉन्ट सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवणे म्हणजे दुसऱ्याची विकाऊ वस्तू फुकट वाटणे होय, आणि नंतर फाइल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या जुन्या नोंदींत, ती राहतेच.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असल्यास त्याची माहिती सप्टेंबर २०१२ पासून ओपन डेटाबेस परवान्याखाली आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचे श्रेय नकाशावर दिसेल असे द्यावे. भाव आपण भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून घेतले असतील तर त्यांना २०१७ मध्ये अधिसूचित झालेला शासकीय खुल्या माहितीचा परवाना लागू होतो. तो व्यापारी वापरालाही मुभा देतो, मात्र स्रोताचा उल्लेख मागतो आणि शासनाने आपल्या ॲपला मान्यता दिली आहे असे भासवू देत नाही. बाजार समितीच्या फलकाचे कोणाच्या तरी फेसबुकवरून घेतलेले छायाचित्र मुखपृष्ठावर असेल, तर त्या छायाचित्रकाराला विचारावे. चित्रे व लेखी मजकूर आपलेच असतील तर त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना द्यावा. कोडला तो देऊ नये, अशी खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सचीच शिफारस आहे.

मी सातपूरमधील एका कंपनीत नोकरी करतो. रात्री घरी लिहिलेला माझा कोड मी खुला करू शकतो का?
— एक अभियंता, सिडको

कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, नोकरीशी संबंध नसलेल्या विषयावर लिहिलेला कोड त्या ओघात येत नाही, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. परंतु अनेक नेमणूकपत्रांत 'नोकरीच्या काळातील सर्व निर्मिती' कंपनीच्या नावे करणारे कलम असते, आणि आपण ते न वाचता सही केलेली असते. नेमणूकपत्र काढून वाचावे आणि शंका वाटल्यास खुला करण्याआधी कंपनीकडून दोन ओळींचे लेखी घ्यावे. परवाना देणारा स्वतःच मालक नसेल तर तो कागद घेणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

आज एमआयटी परवाना दिला आणि उद्या पश्चात्ताप झाला, तर बदलता येतो का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

पुढच्या आवृत्तीपासून बदलता येतो. दिलेली मुभा परत घेता येत नाही. ज्याने आजची प्रत एमआयटीखाली घेतली, त्याच्यापुरती ती एमआयटीखालीच राहते. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या परवान्यात पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. तेव्हा इतरांचे योगदान थोडे होते म्हणून ते सोपे गेले. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या चमूने २०११-१२ मध्ये बराचसा कोड जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल भावंडावर नेला, तेव्हा दोनशेहून अधिक योगदानकर्त्यांना हुडकून प्रत्येकाची संमती घ्यावी लागली, कारण ज्याने त्याने आपापल्या ओळींचा हक्क स्वतःकडेच ठेवला होता. गिटहबवर आपल्या प्रकल्पात कोणी भर घालतो तेव्हा, वेगळा करार नसल्यास, ती भर आपल्याच जाहीर परवान्याखाली आली असे तेथील शर्ती मानतात. म्हणजे परवाना जाहीर नसेल तर भर घालणाऱ्याने काय दिले हेही कळत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही जवळच्या काळातले आहे. इलास्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर २०२१ मध्ये अपाची हा सैल परवाना सोडून अधिक बंधनाच्या परवान्यांकडे गेले. ॲमेझॉनने शेवटची अपाची आवृत्ती घेऊन ओपनसर्च नावाने वेगळी वाट धरली, आणि त्यास कोणाचीच हरकत चालू शकली नाही. २०२४ मध्ये इलास्टिकसर्चने एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला, तोवर दोन्ही प्रकल्प आपापल्या मार्गाने बरेच पुढे गेले होते. तेव्हा पश्चात्तापाची शक्यता आधीच दिसत असेल तर सुरुवात कडक परवान्याने करावी. एकट्याच्या मालकीचा कोड कडक परवान्यावरून सैल परवान्यावर नेल्याने कोणाची तक्रार येत नाही.

दर जानेवारीत परवान्याच्या फाइलमधील वर्ष बदलावे काय?
— एक वाचक, इंदिरानगर

गरज नाही. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य आहे आणि त्या करारानुसार कॉपीराइट मिळण्यासाठी कोणतीही सूचनाच लागत नाही, मग त्यातील वर्षाचे काय? प्रथम प्रसिद्धीचे वर्ष लिहावे आणि ते तसेच राहू द्यावे. नवी मोठी भर घातली तर हवे असल्यास नवे वर्ष पुढे जोडावे. जुने वर्ष मात्र पुसू नये, आणि फाइल दुसऱ्याची असेल तर त्याचे नावही.